तीन शेराची सुजाता

बसा बाई, नीट बसा, पेन उघडा, कारण आता मी जे सांगणार हाये ते साऱ्या मूर्तिजापूर तालुक्यानं उभं राहून ऐकावं इतक्या मोठ्या महत्त्वाचं हाये: माही पोट्टी दोन महिने वाढली नाही. हसू नका. राजाच्या घरी असं झालं असतं तर दवंडी फिरली असती, आमच्या घरी झालं म्हणून नुसती सासू फिरली, या घरून त्या घरी.

मी मूळची दर्यापूरकडची. बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, माय राबे, चालाले लागली तशी मीही राबली, मंग लग्न होऊन मूर्तिजापुरात आली तर इथं वावराच्या जागी जीन. जीन म्हणजे कापसातून सरकी काढाची गिरणी, तुमाले माहीत हाये, पण लिहून ठेवा, वाचणाऱ्याले माहीत असन नसन. सकाळी भोंगा झाला का आत, दिवस बुडता बाहेर. आमी बाया कापसातला कचरा वेचो. केसात रुई, नाकात रुई, भाकरीत रुई. थकवा काय असते ते मले इचारा, आत्ता तुमच्यासंग बोलून राह्यली तरी आर्धी झोपेलच हाये मी.

फाटकापाशी काट्यावर किसनदादा मापारी बसे. हा माणूस नीट ध्यानात ठेवा. कास्तकाराची गाडी आली का कापसाचा बोरा, म्हणजे पोतं, काट्यावर चढे, किसनदादा दांडीवरचं वजन बोटानं सरकवे अन् खणखणीत आवाजात आकडा सांगे, अन् तो आकडा कधी पुरा नसे. बोऱ्याचं कापलं, माल ओला म्हणून ओलीचं कापलं, कचऱ्याचं कापलं, अन् उरलं ते सांगतलं. त्याले म्हणत कडता. तीस वर्षं तेच केलेला माणूस, डोळ्यानं एक वाचे अन् तोंडानं दुसरं बोले, मधातलं काम डोक्यात आपोआप होये. कास्तकार शिव्या देत जात, पण माणूस सोन्यासारखा, आमच्या घरावरून जाताना हाक मारल्याशिवाय जात नसे.

तर आमी बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या साली सुजाता झाली. नाव तिच्या बाबानं ठेवलं. तिच्या आधी एक पोरगं झालं होतं. त्याचं मी जास्त बोलत नाही. सहाव्या महिन्यात गेलं, सुकत सुकत गेलं, अन् तव्हा सासूनं नवस बोलला, अंगारा लावला, कोंबडं कापलं, काही काही म्हणून सोडलं नाही. म्हणून सुजाताच्या वक्ताले तिच्या बाबानं आधीच सांगून टाकलं, आता नवस नाही, अंगारा नाही, देव्हारा उचलला तो उचलला, आता पोरगी मोजून पाहाची, काटा सांगन तेच खरं. दवाखान्यात जलमली तव्हा नर्सबाईनं मोजली होती, सहा पौंड, म्हणजे आपले तीन शेर. तो आकडा ह्याईनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिला.

सव्वा महिना झाला अन् मी परत जीनमध्ये. दुपारच्या सुट्टीत नणंद पोट्टी फाटकावर आणे, तव्हा एकदा पाजाची, बस. मंग दिवसभर दूध दाटून ये, लुगडं भिजे, भिजल्यावर रुई चिकटे, अन् मी अशी दिसो जशी उसवलेली गादी. तिकडं घरी पोट्टी साखरेचं पाणी चोखे. संध्याकाळी आंगाले लागली का सोडेच ना, पण मीच बसल्या जागी पेंगो.

मंग मोहल्ल्यातल्या बाया सुरू झाल्या. एक म्हणे, पाय कसे काड्यावानी. दुसरी म्हणे, हिचं दूधच पातळ असन. सासूनं लगेच परीक्षा मांडली, वाटीत पाणी घेतलं अन् मले म्हणे, पिळ एक थेंब. पिळला. पसरला. पाह्य, म्हणे, पाणी हाये नुसतं पाणी. मी म्हटलं, आत्या, दूध पाण्यात पसरन नाहीतर काय पोहून दाखवन? तर म्हणे, तोंड दाट हाये तुहं, दूध तेवढं पातळ.

दोन महिने भरले तशी तिच्या बाबानं किसनदादाले गळ घातली. मालक जेवाले गेले तव्हा आमी साऱ्याईनं पोट्टी काट्यावर नेली, सरकी मोजाच्या लहान काट्यावर, आंगात काही नाही, एका पातळ फडक्यात. लोखंड थंड लागलं तशी तिनं फडकं ओलं केलं. किसनदादानं दांडीवर बोट सरकवलं, डोळे बारीक केले अन् बोलला, तीन शेर! असा बोलला का बैलही दचकले.

काय सांगू तुमाले. जलमली तव्हा तीन शेर, दोन महिन्यानं तीन शेर. मले वाचता येत नव्हतं, पण भिंतीवरचा तो तीनचा आकडा मले चांगला ओळखू ये, अन् चुलीपुढं बसलं का तो माह्याकडंच पाहे. एकदा सासू मूठ दाबून पोट्टीपाशी जाऊन राह्यली होती, तर तिचा लेक म्हणे, आई, काय हाये मुठीत? मीठ-मिरची हाये, म्हणे, भाजीत टाकाले. आता भाजी काही त्या कोपऱ्यात शिजत नव्हती, अन् चूलही पेटेल नव्हती. लेकानं मूठ उघडली, मिरच्या डब्यात टाकल्या, अन् बुढी रडाले लागली. म्हणे, दृष्ट काढू देत नाही, नवस करू देत नाही, मंग मी काय करू, नुसती पाहत बसू? तव्हा मले तिची कीव आली. पण दुसऱ्याच घडीले माह्याकडं पाहून म्हणे, तू आता पाजू नको, तुह्या दुधानं पहिला गेला.

मी तिच्या बाबाकडं पाह्यलं. ते भिंतीकडं पाहत होते.

मंग मी छातीले पट्टा आवळला. शेजारची बकरी आली, तिचं दूध, त्यात आर्धं पाणी. पंधरा दिवस पोट्टी रडे अन् दूध माह्या पट्ट्यातून गळे, मंग गळणंही कमी झालं. पोट्टीले हगवण लागली. पुन्हा काट्यावर नेली, फडकं ओलंच. किसनदादाचा खणखणीत आवाज कुठंच गेला होता, खाली पाहून म्हणे, पावणेतीन.

मी कोणाले इचारलं नाही. पोट्टी उचलली अन् तशीच दवाखान्याकडं चालू लागली. मागं तिचे बाबा, त्याईच्या मागं सासू, अन् साऱ्याईच्या मागं किसनदादा, काटा उघडा टाकून, पायात वहाण नाही.

नर्सबाईनं मोजली. म्हणे, साडेसात पौंडाच्या वर, पावणेचार शेर. तिच्या बाबानं म्हटलं, बाई, पुन्हा मोजा. मोजली. तेच. म्हणे, पावणेतीन कोणी सांगितलं तुम्हाला? अन् आमी साऱ्याईनं किसनदादाकडं पाह्यलं. तो काय बोलला ते मी शेवटी सांगन, दम धरा, नाहीतर हसण्यात पुढचं राहून जाईन.

नर्सबाईनं पहिल्यांदा माहा पट्टा सोडला. म्हणे, हा कोणी बांधला? सासूनं वाटीची परीक्षा सांगतली, तर नर्सबाई म्हणे, दूध पातळ नाही हिचं, वेळा कमी आहेत. पोरगी हळू वाढत होती, ते खरं, पण वाढत होती, ती खाली आली ती बकरीच्या पाण्यानं. दिवसात एकदा पाजून कोणतं मूल बाळसं धरतं? बकरी बंद, साखरपाणी बंद, दर थोड्या वेळानं अंगाला लावा, आटलं असलं तरी लावा. सासू म्हणे, अन् नाही आलं तर? येईल, म्हणे, तुम्ही तेवढी वाटी लपवून ठेवा.

तीन दिवस काही आलं नाही. पोट्टी ओढे अन् रडे, ओढे अन् रडे, अन् मी रडो. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या गळ्यातून गटक असा आवाज आला. सासू चुलीपुढं होती, तिनं ऐकला. मागं वळली नाही, पण पदर डोळ्याले लावला, अन् मले ज्वारीची भाकर अन् शेपूची भाजी इतकी वाढली का मी कुठं ठेवू.

जीनमध्ये मंग किसनदादानं काट्यामागं झोळी बांधली. मुकादम वरडला, तर म्हणे, पोट्टी इथंच राहीन, नाहीतर काटा तू सांभाळ. दिवसातून चार वेळा मी तिथं जाऊन पाजो, अन् तो कास्तकाराईले म्हणे, तिकडं पाहू नका रे, इकडं वजन चुकन.

आता सुजाता पाचवीत हाये. बारीकच हाये, पण धावते अशी का धरता येत नाही. भिंत दर साली सारवतो, तेवढा तीनचा आकडा सोडून, तिनंच सांगतलं राहू द्या. शेर गेले, किलो आले. सासू गेली, बिचारी शेवटी मले माय म्हणे. किसनदादा ओसरीवर बसून राहते, दिसत नाही त्याले आता. अन् मी अजून जीनमध्येच. थकली, बाई. हात उचलत नाही कधी कधी. पण पोट्टी शिकून राह्यली, सुखी राहो, अन् ती माय झाली तव्हा तिचं दूध कोणी वाटीतल्या पाण्यात पाहू नये, एवढंच.

हाव, हाव, सांगते. तर नर्सबाई किसनदादाले म्हणे, अहो, एक शेर पोरगी गेली कुठं? तो आधी माह्याकडं पाहे, मंग पोट्टीकडं, मंग आपल्या बोटाकडं, अन् एकदम साऱ्या दवाखान्याले ऐकू जाईन असा वरडला, आता बाई, पोट्टी ओली होती, मंग शेरभर कडता कापू नाही तर काय करू!