टायगरचा डावा कान

गिऱ्हाइकाचं ऐकावं म्हणता? नाही ऐकत! रंग मुंबईहून बोटीने यायचे तेव्हापासून नाही ऐकत.

मालवणातल्या एका बागायतदाराने मला आपल्या मेलेल्या कुत्र्याचे दोन फोटो दिले. "टायगराचा मोठा चित्र होया," म्हणाला. वासराला सोडवताना वाघाने टायगरचा डावा कान तोडला होता. फोटोत नव्हता, म्हणून मीही नाही रंगवला. चित्र घेऊन गेलो तर गृहस्थ भडकला.

"कान खंय? पावण्यांसमोर असो कुत्रो लावू? कान रंगव!"

"रंगवूचंय नाय."

त्याने भिंतीवरच्या हसऱ्या तसबिरीकडे बोट केलं. तीही माझीच. "माझ्या बापाशीचे तीनच दात होते. तेंका बत्तीस दिलंस, ता कसा?"

"माणसांसाठी खोटा रंगवतंय. ह्या कुत्र्यान वासरापायी कान दिल्यान, तो मी परत देवचंय नाय."

"मग घेवन जा तुझा चित्र!"

मी चित्र उचललंच होतं, तेवढ्यात त्याची आई आतून आली. तिने टायगरला न्याहाळलं, मग नवऱ्याच्या तसबिरीकडे बघितलं.

"पेंटर, कुत्रो हंयच ठेय. आणि ह्येंचे ते दात आधी पुसून टाक. वरसभर हार घालतंय, पण घोव माझो वाटना नाय!"