एलोजीकाकांची दहा माणसं

या, कीर्तनाला बसतो तसे जवळ सरकून बसा. रत्नागिरीच्या एस्टी स्टँडवरची गोष्ट सांगतो. आपल्या कोकणातले ज्यू, एलोजीकाका, इस्रायलातल्या भाचीशी ट्रंककॉलवर बोलून नुकतेच बाकावर टेकले होते. शेजारी त्यांच्याच गावची जाईबाई गाडीची वाट बघत होती.

"लागला फोन, काका? येतेय ना नाओमी?"

"नाही गो. तिच्या फिल्मला तिकडे मोठं बक्षीस मिळालं."

"कुठल्या फिल्मला?"

"तिच्या आधीच्या फिल्मा गोदीतल्या हमालांवर होत्या. ही आपल्या गावातल्या आमच्या प्रार्थनेवर."

"आमचा केरू टोपी घालून बसलेला, ती?"

"तीच. आमच्या धर्माच्या दहा पुरुषांशिवाय आमची मोठी प्रार्थना होत नाही. आमचे सगळे तिकडे गेले, उरलो मी एकटा. पोरीला ते दिसू नये म्हणून तुमचे नऊ बसवले."

"केरू तर डुलक्या काढत होता."

"ती म्हणाली, काय तल्लीन झालेत."

"पण साराकाकूंना जाऊन वर्ष होतंय, त्या प्रार्थनेला मुंबईहून तुमची माणसं आणणार होती ना ती?"

"म्हणाली, मामा, तुमच्याकडे दहा आहेत की."

"खरं सांगायचं होतं."

"आनंदाने रडत होती गो. आशीर्वाद दिला नि फोन ठेवला."

"मग आमच्याच नऊ जणांना बसवा परत."

"फिल्मला चालले. साराच्या प्रार्थनेला आमचेच लागतात."

गाडी लागली, तरी काकांना उठावंसं वाटेना.

"आज देवळात कीर्तन आहे ना, जाई?"

"आहे. का?"

"मागे बसेन म्हणतो. तिथे माणसं असतात."

तुम्हीही कीर्तनाला बसाल, तेव्हा साराकाकूंची तेवढी आठवण काढा.