पहिली फेरी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो ते आपले मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि लिफ्ट दुरुस्ती विभागातील माझ्या बंधू-भगिनींनो,

मघाशी व्यवस्थापक साहेबांनी कौतुकाने विचारलं, "या विभागातून कुणी सोडून कसं जात नाही?" साहेब, मी चालले होते. राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. तुम्हाला हे आज कळतंय, मास्तरांना तेव्हाच कळलं होतं.

मी इथली पहिली बाई मेकॅनिक. पाच महिने मला नुसता टॉर्च धरायला लावला. आई विचारायची, "आज काय केलंस गं?" मी म्हणायचे, "उजेड पाडला." मग माझी रवानगी मास्तरांकडे झाली. त्यांनी पहिल्याच दिवशी पाना माझ्या हातात दिला आणि टॉर्च स्वतः धरला. तीन महिने धरला! तरी राजीनामा मी फाडला नव्हता. एकटीने पहिली लिफ्ट करायची, बिघडली तर संध्याकाळी कागद द्यायचा, असं ठरवलं होतं.

आपल्याकडचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. दुरुस्त करणाऱ्याने पहिली फेरी एकट्याने मारायची, धोका दुसऱ्या कुणाला नको. मी बटण दाबणार, तोच मास्तर आत शिरले. काही तपासलं नाही, नुसते उभे राहिले. लिफ्ट निघाली आणि तिसऱ्या मजल्याच्या चार बोटं खाली थांबली. बाहेर इमारतीतली माणसं बघायला जमलेली. मला रडू फुटायचं बाकी होतं.

मास्तर त्यांना म्हणाले, "आम्हाला अजून अर्धा तास लागेल." आम्हाला! चूक कुणाची होती? मग माझ्याकडे वळून, "ब्रेकचा नट किती फिरवलास?"

"दीड फेरा."

"मग आता?"

"अर्धा मागे घेते."

"घे की."

पान्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या फेरीलाही आत आले. या वेळी लिफ्ट मजल्याला बरोबर लागली. मास्तरांनी हात पुढे केला. "तो कागद दे, सकाळपासून खिशातून डोकावतोय." न वाचता त्यांनी त्याला हाताचं ग्रीस पुसलं. माझ्या राजीनाम्याचा एवढाच उपयोग झाला.

त्यानंतर दोनदा बाहेरून जास्त पगाराचं बोलावणं आलं, मी गेले नाही. एकदा मी त्यांना विचारलं, "न तपासता आत कसे आलात?" म्हणाले, "तीन महिने तुझे हातच बघत होतो. आणखी काय तपासायचं?"

आता शेवटचं. पंचेचाळिशीत जुनी नोकरी गेल्यावर, आपण सगळे ज्यांना भाऊ म्हणतो ते इथे माझ्या हाताखाली शिकायला आले. आज सकाळी याच इमारतीची लिफ्ट त्यांनी पहिल्यांदा एकट्याने दुरुस्त केली. पहिल्या फेरीला मी आत होते. मीही काही तपासलं नाही. मास्तर, दुखऱ्या गुडघ्याने तुम्ही तिच्यातूनच वर आलात. कुणी केली हे विचारलं नाहीत. भाऊ मागच्या रांगेत बसलेत, जीव टांगणीला लागलाय त्यांचा. भाऊ, केसभर फरक असता तरी मास्तर दारातच थांबले असते.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल आयोजकांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. माझं भाषण ठरल्या जागेच्या चार बोटं पुढे जाऊन थांबलं असेल, तर चूक पदरात घ्या. आणि मास्तर, उतरताना आपण तिघं एकत्र जाऊ. बटण मात्र भाऊंना दाबू द्या.