सकाळी सात वाजता येणारा

वकिलांकडे बाकावर माझ्या शेजारी एक शिंपी हातात नोटीस घेऊन बसला होता. पलीकडच्या आजींनी त्याला बोलतं केलं.

"कसली नोटीस?"

"गावच्या रेडिओचं प्रसारण माझ्या वेबसाइटवर लावलं होतं. गाण्यांचे हक्कवाले म्हणतात, परवानगी नव्हती, काढा."

"मग काढायचं. रेडिओ त्यांच्या साइटवर ऐकू येतोच ना?"

"येतो. पण माझ्या साइटवर कोण कुठल्या शहरातून येतंय, किती वेळ थांबतंय, ते मला दिसतं. रोज सकाळी सातला एकजण यायचा, माझा भाऊ असतो त्या शहरातून."

"तोच कशावरून? विचारलंत?"

"अकरा वर्षं अबोला आहे, आजी."

"आता?"

"काल रेडिओ काढला. आज सातला तो आला. रिकामं पान उघडून वीस मिनिटं बसून होता."