वाळू भरायची राहिली

हसता काय? त्या मशीनपायी माझं लग्न मोडायची वेळ आलती.

बीडला मी पाण्याच्या फवाऱ्यानं ग्रॅनाइट कापतो. मुलीचे वडील शिरूर कासारहून मला बघायला थेट मशीनपाशीच आले. जन्मभर कोयत्यानं ऊस तोडलेला माणूस.

"पाण्यानं दगड कापता म्हणं? दावा की."

मी ऐटीत बटण दाबलं. फवारा सुटला, पण फरशी काही कापंना! नव्या शर्टाच्या नादात पाण्यात मिसळायची वाळूच भरायची राहिली होती, आन् खरं कापते ती वाळूच.

पाव्हण्यांनी फरशीवरून बोट फिरवलं. "तुमाला कापता येत न्हाई, पण धुता लई झकास येतं. देतो पोरगी. तिची भांड्यांची तरी काळजी मिटली."