मोतीचा द्रोण

आमचा मोती कुत्रा आजारी होता, तेव्हा मी नवस बोलले होते, हा बरा झाला की त्याला घेऊन खंडोबाची टेकडी अनवाणी चढेन. नवस फेडला, पण उतरताना मोतीने नेमकी पायवाटेवरच घाण केली. मागून येणारे लोकही अनवाणीच, म्हणून मी ती नैवेद्याच्या रिकाम्या द्रोणात भरली, वर पान झाकलं आणि निघाले.

समोरून एक म्हातारबाबा आले. "ताई, परसाद द्या की."

"बाबा, हे कुत्र्याचं आहे."

"खंडोबाच्या कुत्र्याचा निवद व्हय? मग तर आधी द्या."

बोटं द्रोणात जाणार, तोच मी पान उचललं. बाबांनी आत पाहिलं, मग मोतीकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या. आज माझा उपास हाय."

तुम्हीही कुत्रा फिरवायला नेलात, तर घाण उचलायचा एवढा नेम धरा. फक्त द्रोण नको, पिशवी न्या.