कात्री कोणी चालवली

समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य शैलेश चुरी सर, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो त्या जीवशास्त्र प्रयोगशाळेच्या परिचर, माहीमच्या रत्नाबाई तामोरे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या रत्नामावशी!

सरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि ‘मेघाली, प्रथिनांवर घसरू नका’ अशी तंबीही. पण सर, आज घसरल्याशिवाय गत्यंतर नाही. सहा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली आहे. मावशी उद्यापासून येणार नाहीत. आज नाही बोलले तर कधी बोलणार?

टेबलावरचं हे नायलॉनच्या दोऱ्यांचं मॉडेल दिसतंय ना? हे कॅस्पेज-३, पेशीला ठरल्या वेळी मरायला लावणारं प्रथिन. मरण म्हटल्यावर तोंडं का पाडता? आईच्या पोटात आपली बोटं पडद्याने जोडलेली असतात. त्या पडद्याच्या पेशी अशाच मरतात, म्हणून तर मागच्या रांगेत आत्ता मोबाईलवर बोटं चालतायत! हे प्रथिन म्हणजे कात्रीच, पण पेशीत ती मिटून पडलेली असते. एकमेकींना बिलगलेल्या दोन साखळ्या. प्रत्येकीतला मधला जोड कापला गेला, की सैल झालेली टोकं आपापल्या जागी सरकतात, कात्रीचं तोंड उघडतं, आणि मग ती कोणाचं ऐकत नाही. काय सुंदर आहे हे! सर घड्याळ बघतायत, कळलं मला.

तर सहा वर्षांपूर्वी मी इथे तासिका तत्त्वावर होते. दुसऱ्या दिवशी मूल्यमापन समिती येणार होती आणि माझं पुढच्या वर्षीचं काम तिच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. आठ दिवस खटपट करूनही या मॉडेलचं तोंड काही उघडेना. जोड कापावा लागतो, हे वर्गात मीच घसा फोडून सांगत होते. स्वतःच्या मॉडेलला मात्र कात्री लावायचा धीर नव्हता, सगळं सुटून आलं तर? चहा पिऊन परत आले, तर मावशींनी दोन्ही साखळ्यांचे मधले दोरे कापलेले!

मी विद्यार्थ्यांसमोर म्हणाले, “तुम्हाला झाडण्यापुसण्यापलीकडे काही कळतं का?”

मावशी जाळी विणणाऱ्या घरातल्या. कापलेली टोकं त्यांनी बोटांनी बाजूला सारली आणि मॉडेलचं तोंड उघडलं. मग एवढंच म्हणाल्या, “बाय, दोरा ताणलेला व्हता. ताण हाय तवर कसं उघडंल?” आणि बाटल्या धुवायला निघून गेल्या.

समिती खूश झाली. कापून दाखवायची कल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं. मावशी पाण्याचे ग्लास घेऊन दारातच उभ्या होत्या. मी म्हणाले, “माझी.”

मावशींनी पहिला ग्लास मला दिला. माझी नोकरी टिकली, पुढे मी कायमही झाले.

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही इकडचं तिकडे झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. मावशी, तुम्ही मात्र घालू नका. सहा वर्षं घातलंत, तेवढं पुरे. किंजल, तू टेबलाजवळच बसली आहेस, मॉडेलखालची माझ्या नावाची पाटी काढ बरं. नवी मी आणली आहे: ‘दोरे मेघालीचे, कात्री रत्नाबाई तामोरे यांची.’

मावशी, माझं चुकलं. ही पाटी तुमच्या हाताने लावाल?